वाफसा येऊ द्या: वसंतातली हिरवळ आणि आपली घाई

थंडी सरते, दिवस मोठा होऊ लागतो, एखाद्या दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटतो, आणि त्याच शनिवारी निम्म्या घरांसमोर माणसं दंताळी घेऊन उभी राहतात. मीही राहायचो. स्वतःच्या घरासमोर हिरवळ असण्याचं ते पहिलंच वर्ष, त्यामुळे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी गत होती. एका शनिवार-रविवारात पाचोळा ओढला, खत फेकलं, तणाचं औषध टाकलं, बी पेरलं आणि वर पाणीही मारलं. महिन्याभराने पाहतो तर पेरलेल्या बियांपैकी एकही उगवलेलं नाही. जुनं गवत मात्र असं माजलं की दर तीन दिवसांनी कापावं लागे. आणि पुढे ऊन तापल्यावर हेच माजलेलं गवत सगळ्यांच्या आधी पिवळं पडलं.

त्यातलं एकेक काम सुटं घेतलं तर चूक नव्हतं. वेळ चुकली होती, आणि त्यातली दोन कामं तर अक्षरशः एकमेकांच्या मुळावर उठली होती. कशी, ते पुढे येईलच. त्याआधी गवत नावाची वनस्पती चालते कशी ते बघू, कारण वसंतातल्या सगळ्या कामांचं वेळापत्रक तिथून निघतं.

बहुतेक झाडांचा वाढता कोंब शेंड्यावर असतो. शेंडा खुडला की त्या फांदीची उंची तिथेच थांबते. गवताचं उलटं आहे. त्याचा वाढीचा बिंदू जमिनीलगत, बुडख्यात दडलेला असतो आणि पातं खालून वर ढकललं जातं. पात्याचं टोक म्हणजे त्याचा सगळ्यात जुना भाग. म्हणून गुरांनी चरलं किंवा यंत्राने कापलं तरी गवत मरत नाही. जुनं टोक जातं, खालून नवं येत राहतं. लाखो वर्षं चरणाऱ्या प्राण्यांच्या दाताखाली राहून गवताने कमावलेली ही सोय आहे, आणि हिरवळ राखण्याचा सगळा खटाटोप तिच्याच जिवावर चालतो.

या बुडख्यात आणि मुळांत गवताची शिल्लक असते. शरद ऋतूत हवा गार होते, पात्यांची वाढ मंदावते, पण ऊन असतंच. तेव्हा तयार होणारी साखर खर्च न होता साठत जाते. हिवाळाभर गवत या शिलकीवर तग धरतं आणि वसंतात तीच मोडून पहिली पाती काढतं. म्हणजे वसंताच्या सुरुवातीला हिरवळ बाहेरून ताजी दिसते, पण आतून तिचं पासबुक जवळजवळ रिकामं झालेलं असतं. येणारी नवी कमाई कुठे लावायची, पात्यांत की मुळांत, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. आपण जे काही करतो ते या हिशेबात ढवळाढवळ असते. लवकर टाकलेलं नत्र, म्हणजे खतातलं नायट्रोजन, सगळा पैसा पात्यांकडे वळवतं. मुळं आखूड राहतात. उन्हाळ्यात वरची माती सुकली की आखूड मुळांना खालचं पाणी गाठता येत नाही. माझं गवत सगळ्यांच्या आधी का पिवळं पडलं, त्याचं उत्तर एवढंच.

आता एक भेद लक्षात घ्यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. हिरवळीची गवतं दोन कुळांतली. केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास ही थंड हंगामी. त्यांची मुळं माती १० ते १८ अंश सेल्सिअस असताना उत्तम वाढतात आणि पाती हवा १५ ते २४ अंश असताना. त्यामुळे वसंत आणि शरद हे त्यांचे कमाईचे दिवस, आणि कडक उन्हाळा ही त्यांची डुलकी. बर्म्युडा, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन ही उष्ण हंगामी. त्यांना २७ ते ३५ अंश लागतात आणि थंडीत ती गवताच्या गंजीसारखी पिंगट होऊन झोपतात. यातलं बर्म्युडा म्हणजे दुसरं तिसरं कुणी नसून आपली हरळी. शेतकरी जिला शिव्या घालत कुदळीने खणून काढतो तीच हरळी हिरवळीत लाडाने वाढवली जाते. जमिनीवरून आणि जमिनीखालून धावणारी तिची खोडं शेतात डोकेदुखी ठरतात, अंगणात मात्र याच धावण्यामुळे रिकामे डाग आपोआप भरून निघतात.

तुमचं गवत कोणतं हे माहीत नसेल तर थंडीत त्याच्याकडे बघा. हिवाळाभर निस्तेज का होईना पण हिरवट राहिलं, तर बहुधा थंड हंगामी. पहिल्यांदा दव गोठल्यानंतर पेंढ्यासारखं झालं, तर उष्ण हंगामी. या दुसऱ्या जातीची हिरवळ वसंताच्या आरंभी पिंगट दिसली म्हणून मेली असं समजून उकरू नका. माती १८ अंशांच्या आसपास गेल्याखेरीज ती डोळे उघडत नाही.

तारीख नको, तापमान बघा

गवताला महिना कळत नाही, मातीची ऊब कळते. आणि हवा तापली म्हणजे माती तापली असं नसतं. ओली माती तर फारच सावकाश तापते, कारण पाण्याला गरम व्हायला बरीच उष्णता लागते. म्हणून एक साधा टोचायचा तापमापक घ्या, सकाळी ५ सेंटिमीटर खोल खुपसा आणि चार-पाच दिवसांचे आकडे लिहून ठेवा. हिरवळीसाठी घेतलेल्या यंत्रांपैकी मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच, आणि आकाराने सगळ्यात लहानही.

तापमानाच्या जोडीला दुसरी कसोटी आपल्या शेतकऱ्यांची: वाफसा. मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, मग अंगठ्याने ढकला. गोळा भुसभुशीत होऊन फुटला तर वाफसा आला. चिखलासारखा चेपला गेला तर मुकाट्याने घरात जा. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळी असतो. त्या पोकळीत अर्धी हवा, अर्धं पाणी. ओल्या मातीवरून माणूस किंवा चाकाचं यंत्र फिरलं की आधी हवेच्या जागा चेपल्या जातात. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो, तो मिळेनासा होतो, आणि हे नुकसान एका दुपारच्या उत्साहातून झालेलं असलं तरी भरून यायला काही हंगाम जातात. दव गोठलेल्या पहाटेही गवतावर पाय देऊ नका. पात्यांच्या पेशींत बर्फ असतो, पावलाखाली त्या पेशी फुटतात, आणि दोन दिवसांनी हिरवळीवर आपल्याच पावलांचे तपकिरी ठसे उमटतात.

वाफसा आला की पहिलं काम हलक्या हाताचं. साचलेला ओला पाचोळा उचलायचा, कारण त्याच्याखाली गवत उजेडावाचून गुदमरतं. बर्फ पडणाऱ्या भागात तो वितळल्यावर कुठे कुठे करड्या किंवा गुलाबीसर जाळीचे गोल चट्टे दिसतात. ही बर्फाखाली वाढणारी बुरशी. तिला औषधाची गरज बहुतेक वेळा नसते. चिकटून बसलेली पाती दंताळ्याने सुटी केली, वारा खेळला की ती आपोआप मावळते. फुलझाडांच्या वाफ्यातला पाचोळा मात्र मी उशिरापर्यंत ठेवतो. त्यात झोपलेले उपयोगी कीटक जागे व्हायचे असतात, आणि वाफ्यातल्या रोपांना त्या पांघरुणाचा त्रासही नसतो.

रस्त्याकडेची पट्टी मेलेली दिसली तर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठावर संशय घ्या. मीठ मुळांना पाणी ओढू देत नाही. निचरा चांगला असेल तर भरपूर पाणी सोडून ते खाली धुऊन काढता येतं. कुत्र्याच्या मूत्राचे डाग हा वेगळा प्रकार, आणि तो नीट बघण्यासारखा आहे. मध्ये जळालेला गोल, भोवती आजूबाजूपेक्षा गर्द हिरवं कडं. दोन्हीकडे पदार्थ तोच, मुख्यतः नत्र. मध्ये मात्रा जास्त झाली म्हणून गवत जळलं, कडेला बेताची पोचली म्हणून फोफावलं. खताच्या मात्रेवर यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक कुणी देणार नाही.

काथ्याचा थर

हिरवळीत बोट खुपसलं की पाती आणि माती यांच्या मध्ये एक तपकिरी, काथ्यासारखा स्पंजी थर लागतो. इंग्रजीत त्याला थॅच म्हणतात. मी काथ्याच म्हणतो. तो अर्ध-कुजलेल्या खोडांचा, मुळांचा आणि धावत्या फुटव्यांचा बनलेला असतो. सेंटिमीटरभर असेल तर उलट बरं, माती सुकत नाही. सव्वा सेंटिमीटरच्या वर गेला की पाणी आणि खत त्यातच अडकतं, मुळंही मातीत न उतरता काथ्यातच पसरतात, आणि मग ऊन पडताच वाळतात.

कापलेलं गवत तिथेच सोडलं की हा थर वाढतो, हा सार्वत्रिक गैरसमज. कापलेल्या पात्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ती काही दिवसांत कुजतात, आणि हिरवळीला वर्षभर लागणाऱ्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा परत करतात. काथ्या होतो तो लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने भरलेल्या खोडांचा आणि मुळांचा. भरमसाट खत, आम्ल माती आणि गांडुळांचा अभाव यांनी तो वाढतो. गांडुळं विष्ठेचे बारीक ढीग करतात म्हणून वैतागणारे लोक मी पाहिलेत; ते ढीग म्हणजे फुकटात झालेली मशागत आहे.

थर जाड असेल तर तो यंत्राने ओरबाडून काढता येतो, आणि माती घट्ट असेल तर पोकळ दात्यांच्या यंत्राने मातीच्या बोटभर गुळ्या उपसून छिद्रं पाडता येतात. ही दोन्ही कामं म्हणजे शस्त्रक्रिया. रोगी अशक्त असताना ती करत नाहीत. थंड हंगामी गवतावर त्यांची योग्य वेळ शरदाच्या सुरुवातीची. उष्ण हंगामी गवतावर ते पुरतं हिरवं होऊन जोमात आल्यावरची. भर वसंतात थंड हंगामी हिरवळ ओरबाडली तर उघड्या पडलेल्या मातीवर गवताच्या आधी तण पोचतं. भाड्याने यंत्र देणाऱ्यांकडे सगळ्यात मोठी रांग मात्र नेमकी वसंतातच असते.

तण आणि बी यांचं भांडण

आता माझ्या न उगवलेल्या बियांकडे येऊ.

थंड हवेतल्या हिरवळीचा एक मोठा वैरी म्हणजे क्रॅबग्रास. हे एका वर्षाचं गवत; थंडीत मरतं, पण मरण्याआधी हजारो बिया मातीत टाकून जातं. वरच्या थरातली माती काही दिवस सलग १३ अंशांच्या आसपास राहिली की त्या बिया उगवू लागतात. म्हणून त्याच्यावरचं औषध, पेंडिमेथालिन किंवा प्रोडायमिनसारखं, त्या आधी टाकायचं असतं. याला उगवणपूर्व तणनाशक म्हणतात, पण ते बियाला उगवण्यापासून थांबवत नाही. बी फुगतं, फुटतं, कोवळं मूळ बाहेर येतं आणि मातीच्या वरच्या थरात पसरलेल्या औषधाला भेटतं. तिथे मुळाच्या टोकावरच्या पेशींचं विभाजन थांबतं. मूळ वाढत नाही, रोप उपाशी मरतं. आपल्याला हे काहीच दिसत नाही, दिसते ती फक्त मोकळी जमीन.

औषध मारतं कसं याच्या वर्णनात क्रॅबग्रासचं नाव कुठेच नाही, हे लक्षात आलं? औषधाला तुम्ही हौसेने विकत आणलेलं बी आणि तण यांतला फरक कळत नाही. दोन्हींची कोवळी मुळं त्याला सारखीच. जुन्या गवताची मुळं औषधाच्या थराखाली गेलेली असतात म्हणून ते वाचतं. मी शनिवारी औषध टाकलं आणि रविवारी बी पेरलं. औषधाने आपलं काम चोख केलं.

तेव्हा वसंतात निर्णय एकच घ्यायचा: तण रोखायचं की बी पेरायचं. औषधाचा अंमल साधारण दोन ते तीन महिने राहतो, तोवर पेरणी विसरा. मेसोट्रायोन नावाचं एक औषध बऱ्याच थंड हंगामी बियांबरोबर चालतं, पण सगळ्या नाही, म्हणून डब्यावरचं लेबल शब्दन् शब्द वाचा. औषध टाकल्यावर त्याला मातीत नेण्यापुरतं पाणी लागतं; पात्यांवर बसलेलं औषध काही कामाचं नाही.

माझं मत विचाराल तर थंड हंगामी बियांची खरी पेरणी शरदातली. वसंतात पेरलेलं रोप कसंबसं बोटभर मूळ सोडतं तोच उन्हाळा येऊन ठेपतो, आणि मधल्या काळात त्याला तणाशीही झुंजावं लागतं. तरीही घरासमोर मोठा रिकामा डाग असेल तर पेरा. उघडी माती पावसात वाहून जाण्यापेक्षा ते बरं. वरची माती दंताळ्याने खरवडा, बी टाका, जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीत मिसळा आणि पायाने हलकं दाबा. बी मातीला चिकटलं नाही तर ओल शोषू शकत नाही. उगवेपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा. रायग्रास ५ ते १० दिवसांत वर येतं, फेस्क्यू एक-दोन आठवड्यांत. केंटकी ब्लूग्रास तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही, आणि बहुतेक माणसं दोन आठवड्यांनी पाणी द्यायचं सोडून देतात. मिश्र बियांच्या पिशवीत हे सगळं एकत्र असतं, तेव्हा पहिली हिरवी लव दिसली म्हणून थांबू नका.

डँडेलियनसारख्या रुंद पानांच्या बारमाही तणांवर उगवणपूर्व औषधं चालत नाहीत, कारण ती बियांतून नव्हे तर जुन्या मुळांतून येतात. डँडेलियनचं सोटमूळ खोल जातं आणि तुकडा राहिला तर त्यातून पुन्हा कोंब फुटतो. पाऊस पडून गेल्यावर लांब पात्याच्या खुरप्याने मुळासकट उपटणं, हाच वसंतातला सोपा उपाय. फवारायचंच असेल तर शरदात. तेव्हा झाड पानांतला रस मुळाकडे नेत असतं आणि त्याबरोबर औषधही खाली जातं. शेवाळाचं दुखणं आणखी वेगळं. सावली, ओल, घट्ट आम्ल माती यांपैकी काहीतरी तिथे आहे हे ते सांगत असतं. लोहाच्या क्षाराने ते काळं पडून मरतं, पण कारण जागेवर असेल तर पुढच्या वर्षी परत येतं.

कापणी

हिरवळीसाठी एकच काम नीट करायचं ठरवलं, तर मी कापणी निवडेन. खत चुकलं तर एखादा हंगाम बिघडतो, कापणी मात्र दर आठवड्याला होते आणि दर आठवड्याला चुकू शकते.

नियम एका ओळीचा: एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. उंची ८ सेंटिमीटर ठेवायची असेल तर गवत १२ सेंटिमीटर झालं की कापा. याच्या मागे नुसता अनुभव नाही. एफ. जे. क्रायडर यांचे अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. निम्मा किंवा त्याहून जास्त पाला एकदम काढला की मुळांची वाढ थांबते असं त्यांना आढळलं. फार खरडून कापलं तर ती दहा दिवसांहूनही अधिक थांबून राहिली. पासबुकाच्या भाषेत, कमावणारे हातच गेले की शिल्लक पडायची कुठून?

थंड हंगामी गवत ६ ते ९ सेंटिमीटर ठेवावं. पाती उंच तशी मुळं खोल, आणि सावली पडल्याने क्रॅबग्रासच्या बियांना ऊबही कमी मिळते, उजेडही. हरळीसारखं गवत त्याहून बरंच आखूड चालतं. ते तर जागं होण्याआधी एकदा खरडून कापतात, म्हणजे मेलेला पेंढा निघून माती लवकर तापते. हीच युक्ती फेस्क्यूवर केली तर त्याची वाट लागते. शेजाऱ्याचं बघून कापणं म्हणूनच धोक्याचं.

आणि यंत्राचं पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी, चिंधीसारखी दिसतात, दुरून अख्खी हिरवळ करडी वाटते, आणि त्या जखमांतून पाणी उडतं. हंगामाच्या सुरुवातीला पातं उतरवून धार लावून घ्या. पेट्रोलच्या यंत्रात हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढा, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढा. हा उपदेश कंटाळवाणा आहे, पण बोटं दहाच असतात. हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोलही बदला. यंत्र सुरू न होण्याचं कारण बहुधा तेच निघतं.

या यंत्राचा जन्म गमतीचा आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. तो भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा, आणि कापडावरची वर आलेली लव फिरत्या पात्यांनी भादरणारं यंत्र तिथे होतंच. बडिंगने ती कल्पना कापडावरून गवतावर आणली. त्याआधी गवत सारखं ठेवायचं तर विळे चालवणारी माणसं हवीत, नाहीतर मेंढ्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही मेंढ्यांचा कळप चरत होता. मैदानांवर दिसणारे फिक्या-गडद पट्टे, जाता जाता सांगतो, रंगाचे नसतात. यंत्रामागचा रूळ पाती एका दिशेने वाकवतो. आपल्यापासून दूर वाकलेली उजळ दिसतात, आपल्याकडे वाकलेली गडद.

ब्रिटनमधल्या प्लांटलाइफ या संस्थेने २०१९ पासून मे महिनाभर गवत न कापण्याची मोहीम चालवली आहे, मधमाश्यांना फुलं मिळावीत म्हणून. हेतू चांगला आहे, पण महिन्याने एकदम मूळच्या उंचीवर आणाल तर एक तृतीयांशाचा नियम मोडेल. दोन-तीन टप्प्यांत खाली आणा. किंवा एक कोपराच कायमचा सोडून द्या. मी तेच करतो.

खत सगळ्यात शेवटी

खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद, पालाश, वजनाच्या टक्क्यांत. एका वेळची मात्रा दर चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम नत्र, याच्या वर नको. हिरवळ २०० चौरस मीटर असेल तर लागलं १ किलो नत्र. पिशवीवरचा पहिला आकडा २० असेल तर पाच किलो खत. एवढाच हिशेब, पण तो न करता ‘पिशवी संपवून टाकू’ म्हणणारे खूप. सावकाश सुटणारं नत्र असेल तर ते आठवडेच्या आठवडे थोडं थोडं मिळत राहतं, एकदम माज येत नाही.

थंड हंगामी गवताला शरदात नीट खत मिळालेलं असेल तर वसंतात घाई नको. पहिली जोमाची वाढ ओसरली की हलकी मात्रा द्या. उष्ण हंगामी गवताला ते पूर्ण हिरवं होऊन दोन-तीनदा कापून झाल्यावर. त्याआधी टाकलं तर आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं: गवत झोपलेलं, खत खाणार थंडीतच जागं झालेलं तण.

स्फुरद तर तपासणीशिवाय टाकूच नये. मातीत ते बहुधा पुरेसं असतं, आणि पावसाबरोबर वाहून गेलेलं स्फुरद तळ्यांत शेवाळ माजवतं. मिनेसोटा राज्याने याच कारणाने हिरवळीवर स्फुरदयुक्त खत टाकण्यावर २००५ पासून राज्यभर निर्बंध घातले. तपासणीसाठी दहा-बारा ठिकाणची १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा, सुकवा आणि त्यातली थोडी प्रयोगशाळेत पाठवा. अहवालातला सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर चुन्याची गरज नाही. दरवर्षी रीत म्हणून चुना टाकणारे लोक कधी कधी चांगल्या मातीचा सामू बिघडवून ठेवतात, आणि मग लोह मिळेनासं झालं की गवत पिवळं पडतं.

पाण्याचं थोडक्यात. वसंतात बहुतेक ठिकाणी पाऊसच पुरतो. लागलंच तर आठवड्याला पाऊस धरून २५ मिलिमीटर, एक-दोन खेपांत, पहाटे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा २०० चौरस मीटरला आठवड्याचे पाच हजार लिटर होतात; नळ सोडण्याआधी हा आकडा एकदा मनात आणावा. फवारा किती पाणी टाकतो हे बघायला दोन-चार रिकामे डबे हिरवळीवर ठेवा आणि पट्टीने मोजा. डब्याडब्यांत फरक निघतो, आणि कोपऱ्यातला तो पिवळा डाग रोगाचा नसून फवाऱ्याचा होता हे तेव्हा कळतं.

गवत गालिच्यासारखं उचललं जात असेल तर खाली हुमणी आहे. पण वसंतात तिच्यावर औषध टाकणं बहुधा वाया जातं. अळ्या पोसून मोठ्या झालेल्या असतात, आणि लवकरच खाणं थांबवून कोषात जातात. त्यांची पुढची पिढी अंड्यातून निघून लहान असते तेव्हाच उपाय लागू पडतो. तोवर उचललं गेलेलं गवत दाबून बसवा आणि पाणी द्या.

झुडपांच्या छाटणीची घाई मात्र कात्री हातात आली की आवरत नाही. फोर्सिथिया, लायलॅक यांसारखी वसंतात फुलणारी झुडपं कळ्या आदल्या वर्षीच धरतात. ती आता छाटली तर कळ्याच कापल्या जातात, म्हणून फुलं गळल्यावर छाटा. उन्हाळ्यात नव्या फुटव्यावर फुलणारी आता छाटली तरी चालतात. झाडांभोवती पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला, पण बुंध्याला भिडवू नका; सतत ओली राहिलेली साल कुजते.

फोर्सिथियाची पिवळी फुलं गळू लागली की क्रॅबग्रासचं औषध टाकायची वेळ निघून चालली, असा बागवानांचा जुना अंदाज आहे. माझ्या वहीत तापमापकाचे आकडे आणि त्या फुलांची नोंद शेजारी शेजारी असते, आणि बहुतेक वर्षी दोघांचं जमतं. त्या पहिल्या वर्षीच्या रिकाम्या डागावर मी शेवटी शरदात रायग्रास पेरलं. आठव्या दिवशी ते वर आलं.